लोणारचा हरवलेला लघुग्रह

येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्री यात्रा भरते, तेव्हा पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखीच्या सोबतीने निघालेले भाविक रानातून चुनखडीचे खडे वेचतात. काळ्या जमिनीत हे पांढरे खडे येतात ते तिच्याखालच्या दगडामुळे. बालाघाटाच्या डोंगररांगेचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, त्यात कॅल्शियम भरपूर. पावसाचे पाणी ते झिजवून विरघळवते, उन्हाळ्यात पाणी उडून जाते आणि चुना मातीतच गोळ्यांच्या रूपाने बसतो. खडा वेचणाऱ्याच्या हाती अशा रीतीने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचाच एक अंश येतो.

हाच लाव्हा येरमाळ्यापासून उत्तरेकडे, कळंब, बीड, जालना ओलांडून थेट विदर्भापर्यंत पसरला आहे. विहीर खणणाऱ्याला तो थराथराने भेटतो: आधी काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग सुरुंगाशिवाय न फुटणारा पाषाण. थर आडवे, एकावर एक, मैलोन्‌मैल सारखे. येरमाळ्याहून सरळ रेषेत दोनशे किलोमीटरच्या आत, बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला मात्र हे थर अचानक तुटतात. तिथे जमिनीत सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा, जवळजवळ गोल, दीडशे मीटर खोल खड्डा आहे आणि तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर. एक लघुग्रह इथे आदळला, हे आज शाळेतले मूलही सांगते. पण ते सिद्ध व्हायला, पहिली शास्त्रीय नोंद झाल्यापासून, दीडशे वर्षे लागली. ज्याच्यामुळे हे सारे घडले त्या लघुग्रहाचा ओळखू येईल असा एकही तुकडा आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. त्याची सारी ओळख त्याने फोडलेल्या दगडाकडूनच काढून घ्यावी लागली.

लोणारच्या लोकांना या जागेचे वेगळेपण शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी कळले होते. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून राहत असे. विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्याच्या घरावरचे झाकण उडवले आणि त्याला मारले, अशी कथा आहे. ते झाकण दूर धाकेफळजवळ जाऊन पडले, असेही सांगतात. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर या कथेचेच. आत सरोवराच्या काठाने कमळजा देवीचे आणि इतर जुनी देवळे उभी आहेत आणि वरच्या कडेला धारेचे गोड पाणी बारा महिने पडते. अकबराच्या काळात अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’मध्ये वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकरजवळच्या या जागेची दखल घेतली: इथे काच आणि साबण बनवायला लागणारा माल मिळतो आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न होते. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षार साचत. ते गोळा करणाऱ्यांनी त्यांच्या प्रतवारीला दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी नावे दिली होती. रसायनशास्त्राचे पुस्तक हाती नसताना क्षारांमधला फरक हाताने आणि डोळ्यांनी ओळखणारी ही माणसे होती. या इतिहासात त्यांचा उल्लेख एरवी फार थोडा होतो, म्हणून तो इथे मुद्दाम केला.

१८२३ मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी लोणारला आला. तेव्हा वऱ्हाड आणि येरमाळ्याचा मुलूख, दोन्ही निजामाच्या राज्यात होते. त्याने या खाऱ्या सरोवराचे वर्णन युरोपातल्या वाचकांसमोर ठेवले. त्यानंतर भूशास्त्रज्ञांची रीघ लागली आणि पहिल्या पिढीने काढलेला निष्कर्ष अगदी स्वाभाविक होता: ज्वालामुखी. चारही दिशांना लाव्हाचाच दगड आणि त्यात मधोमध वाटोळे विवर. त्या काळच्या कुणालाही दुसरे काय सुचणार? शिवाय आकाशातून पडलेल्या दगडाने एवढा खड्डा होऊ शकतो, ही कल्पनाच तेव्हाच्या भूशास्त्रात नव्हती. उल्का खऱ्या असतात हे विद्वानांनी मान्य करूनच जेमतेम वीस वर्षे झाली होती.

तरी ज्वालामुखीच्या तर्कात एक काटा पहिल्यापासून रुतत होता. दख्खनचा लाव्हा भेगांमधून शांतपणे वाहून आला आणि पसरला. शंकूच्या आकाराचे डोंगर करणारे ज्वालामुखी इथे क्वचितच. तो उद्रेक थांबूनही कोट्यवधी वर्षे लोटली आहेत, तर लोणारचा काठ अजून ताजा, धारदार. इतक्या उशिरा हा एकच ज्वालामुखी जागा झाला असेल, तर त्याची राख कुठे आहे, त्याचा नवा लाव्हा कुठे आहे? मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये भारताच्या भूशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा लोणारचा विचार करताना त्यांच्यासमोर हीच अडचण होती. काठावर वर आलेला ढीग खड्ड्यातून गेलेल्या दगडाच्या मानाने फारच थोडा दिसतो, हा आणखी एक आक्षेप होता. १९१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे ला टूश आणि रसायनतज्ज्ञ क्रिस्टी यांनी वेगळी वाट धरली. त्यांच्या मते खालून वायूच्या आणि लाव्हाच्या दाबाने जमीन फुगली असावी आणि नंतर आधार निघून गेल्यावर ती खाली बसली असावी. क्रिस्टींनी सरोवराच्या क्षारांचा केलेला अभ्यास पुढे दीर्घकाळ आधारभूत राहिला. जमीन खचल्याचा तर्क मात्र टिकला नाही.

याच सुमारास अमेरिकेत, ॲरिझोनाच्या वाळवंटात, असाच वाद पेटला होता. तिथल्या सव्वा किलोमीटरच्या विवराभोवती लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते, तरी नावाजलेले भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी ते विवर वाफेच्या स्फोटाने झाल्याचे ठरवले. १८९६ मध्ये आपली बाजू मांडताना त्यांनी जगभरातली जी उदाहरणे पुढे केली, त्यात लोणारही होते. दोन्ही विवरांतले साम्य गिल्बर्टांनी बरोबर हेरले होते. साम्य खरे, कारण चुकीचे, असा तो प्रकार झाला. पुढे डॅनियल बॅरिंजर या खाणमालकाने ॲरिझोनाच्या विवराखाली लोखंडाचा प्रचंड गोळा पुरलेला असणार या विश्वासाने वर्षानुवर्षे खोदकाम केले आणि हाती काही आले नाही.

ते लोखंड मिळाले नाही यामागचे कारण लोणारलाही लागू आहे. लघुग्रह पृथ्वीवर येतो तो सेकंदाला साधारण पंधरा-वीस किलोमीटर या वेगाने. लहान दगड असेल तर हवेच्या घर्षणाने त्याचा वेग मोडतो आणि तो तुकड्यांनी खाली पडतो. पण आकार पुरेसा मोठा असेल तर हवा त्याला अडवू शकत नाही. तो जमिनीला भिडतो त्या क्षणी निर्माण होणारा दाब इतका असतो की दगड, मग तो येणारा असो वा खालचा, द्रवासारखा वागू लागतो. त्यातला काही वितळतो, काहीची वाफ होते. धक्क्याची लाट खालच्या थरांतून जाते, त्यांना बाजूला आणि वर ढकलते आणि मिनिटभराच्या आत विवर तयार होते. काठावरचे आडवे थर उचलले जातात, कुठे कुठे तर पूर्ण उलटतात. लघुग्रह स्वतः या सगळ्यात जवळपास संपून जातो. विवर त्याच्या आकाराच्या साधारण वीसपट होते, असा ढोबळ हिशेब आहे. त्यावरून लोणारला आदळलेला दगड शंभर मीटरच्या आतबाहेरचा असावा. साध्या दगडी घडणीचा धरला तर त्याचे वजन दहा-बारा लाख टन भरते. लोखंडाचा असता तर याहून लहान आकारानेही एवढे विवर झाले असते.

१९६० च्या सुमारास शास्त्रज्ञांना खात्रीची खूण सापडली. युजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ॲरिझोनाच्या विवरात कोएसाइट मिळाले. साध्या गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे, प्रचंड दाबाखाली होणारे हे रूप. ज्वालामुखीच्या स्फोटात इतका दाब होत नाही. म्हणून ते जिथे सापडेल तिथे आघात झाला असे म्हणता येऊ लागले. जगभरातली संशयित विवरे एकामागून एक तपासली गेली.

लोणारला हीच खूण कामाची नव्हती. आघाताच्या खुणा शोधायच्या तर जगाने वापरलेली गार, आणि लोणारच्या बेसाल्टच्या घडणीत गार जवळजवळ नाहीच! दख्खनच्या दगडाचे हे वैशिष्ट्य लोणारच्या कोड्याला सर्वांत जास्त काळ झाकून राहिले, असे मागे वळून पाहताना दिसते. नंदी आणि देव यांनी १९६१ मध्ये लोणारच्या उगमावर आणि त्याच्या खारेपणावर लिहिले, तेव्हाही प्रश्न पृथ्वीच्या पोटातल्या कारणांभोवतीच फिरत होता. १९६४ मध्ये लाफाँड आणि रॉबर्ट डिएट्झ या दोघांनी एक छोटा लेख लिहिला आणि त्याच्या शीर्षकातच विचारले की लोणार हे उल्कापाताचे विवर तर नव्हे? गोल आकार, उचललेला काठ, लाव्हा-राखेचा अभाव, यांवरून त्यांना तसे वाटत होते. पुरावा अजून हाती नव्हता.

पुरावा मिळवायचा तर सरोवराच्या तळाखाली जायला हवे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे शास्त्रज्ञ एकत्र आले. कर्ट फ्रेड्रिकसन, आनंद दुबे, डॅनियल मिल्टन आणि एम. एस. बालसुंदरम ही नावे त्या कामाशी कायमची जोडली गेली. विवराच्या तळात विंधणे घेतली. वर सुमारे शंभर मीटर गाळ होता, त्याखाली फुटलेल्या, एकमेकांत मिसळलेल्या दगडांचा चुरा. काठावर चर खणले. आणि गारेऐवजी त्यांनी बेसाल्टमध्ये विपुल असलेले दुसरे खनिज बघितले: फेल्डस्पार.

फेल्डस्पारलाही धक्क्याची खूण उमटते. पुरेसा दाब आला की त्याचे स्फटिक न वितळताच आतून विस्कटतात आणि स्फटिकाच्या बाह्य आकारातच काच तयार होते. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ती पहिल्यांदा ओळखली गेली १८७२ मध्ये, बिहारमधल्या शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत. आकाशातून भारतात पडलेल्या दगडात सापडलेले हे द्रव्य शंभर वर्षांनी लोणारच्या तळातून वर आलेल्या दगडातही दिसले. काठावरच्या चरांमध्ये त्याहून तीव्र धक्का बसलेले तुकडे मिळाले. त्यांतले फेल्डस्पार वितळून फसफसलेले होते आणि सोबत वितळलेल्या दगडाचे गोळे आणि काचेचे बारीक मणी होते. १९७३ मध्ये हे सारे ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. लोणारला ज्वालामुखीने घडवलेले नाही, बाहेरून आलेल्या वस्तूने घडवले आहे, याबद्दल शंका उरली नाही. जुन्या आक्षेपालाही उत्तर मिळाले: खड्ड्यातला दगड नाहीसा झाला नव्हता, तो काठापलीकडे किलोमीटरभराहून अधिक अंतरापर्यंत पातळ थराने पसरला होता आणि काळाने, नांगराने तो विरळ केला होता.

त्या वेळी जगाचे लक्ष लोणारकडे वळण्याला आणखी एक निमित्त होते. १९६९ ते १९७२ या काळात अपोलोच्या चांद्रवीरांनी चंद्रावरून दगड आणले होते. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे बेसाल्टची मैदाने, आणि त्यांच्यावर आघातांची विवरे. पृथ्वीवर त्यांच्याशी ताडून पाहता येईल असे, बेसाल्टमध्ये झालेले विवर तेव्हा एकच माहीत होते. लोणारचे काचमणी आणि चंद्राच्या मातीतले काचमणी शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा साम्य ठसठशीत निघाले. पुढे ब्राझीलमध्ये बेसाल्टातली आणखी विवरे ओळखली गेली, पण ती खूप जुनी, झिजलेली. चंद्र किंवा मंगळावरच्या विवरांचा अभ्यास करणारा माणूस आजही लोणारला येतो. ज्या दगडाने पुराव्याला दीडशे वर्षे दडवले, त्याच दगडाने लोणारला हे स्थान दिले.

लघुग्रहाबद्दल मात्र प्रश्न उरलाच: तो होता कसा? लोखंडाचा, दगडाचा, की आणखी कशाचा? याचा शोध मण्यांमध्येच घ्यावा लागला. निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम ही धातुद्रव्ये काही बारीक मण्यांत लोणारच्या मूळ दगडाहून अधिक आढळली आणि त्यांचे प्रमाण पाहून काही संशोधकांनी असे मांडले की लघुग्रह कोंड्राइट जातीचा असावा. ग्रहमाला घडताना एकत्र आलेल्या बारीक दगडी गोळ्यांपासून बनलेला, कधीही पूर्ण न वितळलेला, असा तो दगड. पृथ्वीवर पडणाऱ्या बहुतेक उल्का याच जातीच्या असतात. मोठ्या काचखड्यांत मात्र बाहेरच्या द्रव्याचा अंश फारच थोडा सापडतो, त्यामुळे या निष्कर्षावर सावधपणेच विसंबावे लागते. काठाची ठेवण आणि फेकलेल्या मालाचा पसारा पाहून, तो पूर्वेकडून तिरका आला असावा असेही एक मत आहे. हे घडले केव्हा, यावर दोन अगदी वेगळी उत्तरे आहेत. काठाच्या काचेतल्या उष्णतेच्या खुणांवरून सुमारे ५२ हजार वर्षे हा आकडा निघाला, तोच बहुतेक माहितीफलकांवर आला. २०११ मध्ये आर्गॉनच्या मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे सांगितली. कोणते बरोबर, हे तज्ज्ञांवर सोपवू.

आकाशातून दगड येणे ही महाराष्ट्रात फार जुनी गोष्ट नाही. २२ मे २०१२ रोजी दुपारी नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या आकाशात स्फोटाचे आवाज झाले आणि वस्तीत, शेतात दगड पडले. काटोलची उल्का कोंड्राइटच आहे. तिचा मूळ लघुग्रह कधीतरी मोठ्या धडकेतून गेला असावा, हे तिच्यातल्या धक्क्याच्या शिरा सांगतात. त्या शिरांमध्ये खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांना ब्रिजमॅनाइट हे, पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटर खाली विपुल असलेले खनिज मिळाले. लोणारच्या दगडातली खूण आणि काटोलच्या दगडातली खूण, दोन्ही एकाच प्रकारच्या घटनेच्या. फरक इतकाच की एक धडक इथे झाली आणि दुसरी दूर अवकाशात.

लोणारला आदळलेल्या दगडाएवढे दगड अजूनही सूर्याभोवती फिरत आहेत. २६ सप्टेंबर २०२२ रोजी ‘नासा’ने ‘डार्ट’ हे यान मुद्दाम डायमॉर्फस या लघुग्रहावर आदळवले. डायमॉर्फसचा व्यास सुमारे दीडशे मीटर, म्हणजे लोणारच्या पाहुण्याचाच वर्ग. यानाच्या धक्क्याने त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीच्या परिक्रमेचा काळ ३२ मिनिटांनी कमी झाला, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. कारण तो एकसंध दगड नव्हता. पोकळ, सैल तुकड्यांचा ढिगारा असावा आणि त्यातून उडालेल्या मालानेही त्याला मागे ढकलले. लघुग्रह एकसंध आहे की ढिगारा, दगडी आहे की लोखंडी, यावर त्याला वळवता येईल की नाही आणि तो आदळलाच तर किती हानी करील, हे ठरते. जमिनीवर झालेल्या खुणा वाचून दगडाची घडण ओळखण्याचे शास्त्र म्हणूनच आता निव्वळ कुतूहलापुरते राहिलेले नाही.

लोणारचे सरोवर मात्र आपल्या मार्गाने जगते. झऱ्यांचे पाणी येते, बाहेर जायला वाट नाही, उन्हाने उडून जाते आणि सोडियमचे क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास. साबण आणि काच बनवणाऱ्यांना हवी असलेली हीच चीज. या पाण्यात मासे सहसा जगत नाहीत, पण निळे-हिरवे शेवाळ आणि खारप्रेमी सूक्ष्मजीव तुडुंब असतात. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झाले आणि देशभर चर्चा झाली; पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले की पाणी आटून क्षार वाढल्यामुळे हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांनी तो रंग दिला आहे. त्याच वर्षी लोणार पाणथळ जागांच्या ‘रामसर’ यादीत दाखल झाले. नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातले हे दुसरे. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय भूवारसा स्मारक झाले होते आणि २००० मध्ये अभयारण्य.

संरक्षण मिळाले ते मुख्यतः विवराच्या वाटीला: सरोवर, झाडी, देवळे, पक्षी. फ्रेड्रिकसन आणि दुबे यांच्या चमूने ज्या चरांतून काचमणी आणि फसफसलेले दगड काढले, तो फेकलेल्या मालाचा थर मात्र बराचसा वाटीबाहेर पसरला आहे. लोणार गाव विवराच्या काठाशीच वसले आहे आणि आसपास शेती होते. विहिरीच्या खणतीत, रस्त्याच्या कापात, खाणीच्या कडेला तो थर अजून दिसतो, आणि बांधकामाच्या प्रत्येक नव्या खड्ड्याबरोबर त्यातला थोडा भाग हलतो. लघुग्रहाच्या घडणीबद्दल जे काही अजून कळायचे आहे, ते बहुतेक याच पातळ, शेतांखाली गेलेल्या थरातून कळेल. तो कुठे कुठे शिल्लक आहे याचा तपशीलवार नकाशा करून त्यातले मोजके भाग राखून ठेवण्याचे काम अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतकऱ्यांच्या संमतीनेच करावे लागणार आहे.